पांच अक्षरांचा शब्द

शब्द शोधण्याच्या दोन रीती आहेत. एकींत अर्थ ठाऊक असतो आणि शब्द हवा असतो. दुसरींत शब्दाचा नुसता सांगाडा हातीं असतो आणि त्या सांगाड्यांत बसेल असा कोणताही शब्द चालतो, मग त्याचा अर्थ कांहींही असो. पहिली रीत कवीची, पत्र लिहिणाराची, आणि बाजारांत उभें राहून जिन्नसाचें नांव न आठवणाऱ्या गृहस्थाची. दुसरी कोडें सोडविणाराची. हल्लीं ही दुसरी रीत घरोघर शिरली आहे, आणि आमच्याही घरीं शिरली, म्हणून तिजविषयीं चार शब्द लिहावयाचें मनांत आलें.

आम्ही लहानपणीं पाठशाळेंत बसलों तेव्हां आरंभ अमरकोशापासून झाला. अमरसिंहानें शब्दांचीं कुळें अर्थावरून लाविलीं आहेत. स्वर्गाचीं नांवें एके ठिकाणीं, पृथ्वीचीं दुसऱ्या ठिकाणीं, नगराचीं, वनौषधींचीं, पशूंचीं आपापल्या जागीं. मूल शब्द पाठ करी तें जणूं पदार्थाच्या शेजारीं बसूनच करी. परंतु पुढील काळच्या कोशकारांनीं दुसरी वाटही चोखाळली होती. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें अनेकार्थसंग्रह रचिला. त्याचीं सहा कांडें शब्दांच्या अक्षरसंख्येवरून पाडलेलीं आहेत. पहिल्यांत एकाक्षरी शब्द, दुसऱ्यांत द्व्यक्षरी, असें सहापर्यंत, आणि शेवटीं अव्ययांचें परिशिष्ट. मेदिनीकोशांत तर शब्दाचें अखेरचें व्यंजन धरून वर्ग केले आहेत, व प्रत्येक वर्गाचे अक्षरसंख्येनें पुनः पोटभाग पाडले आहेत. 'शेवटीं क असलेले तीन अक्षरी शब्द, अर्थांसह' असें प्रकरण हवें असल्यास तें तेथें तयार आहे. अनुष्टुभाच्या चरणांत आठच अक्षरें मावतात. तेव्हां तीन अक्षरांची जागा रिकामी राहिलेल्या कवीला अशा कोशाचा उपयोग किती, हें सांगावयास नको. मात्र 'अर्थांसह' हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. ते अनेकार्थकोश होते. एकेका शब्दाचे चार चार अर्थ देण्यासाठींच ते जन्मास आले होते.

आतां आमच्या घरची हकीकत. आमची थोरली नात इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत सातवींत आहे. दोन वर्षांपूर्वीं तिनें एके सकाळीं येऊन विचारिलें, "आजोबा, पांच अक्षरांचा इंग्रजी शब्द सांगा. त्यांत ए आहे, यू आहे, पण ई नाहीं." आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, तर्खडकरी भाषांतर पाठमालेच्या दुधावर वाढलेलें. आम्हीं विचारिलें, "अर्थ काय त्या शब्दाचा?" ती म्हणाली, "अर्थ नाहीं लागत." हें उत्तर आम्हांस फार दिवस टोचत राहिलें.

खेळ असा कीं, दररोज एक गुप्त शब्द असतो. सहा प्रयत्नांत तो ओळखावयाचा. आपण घातलेलें अक्षर बरोबर जागीं असलें तर चौकोन हिरवा होतो, शब्दांत असून जागा चुकली असली तर पिवळा, मुळींच नसलें तर करडा. जॉश वॉर्डल नांवाच्या गृहस्थानें हा खेळ आपल्या सहचरीसाठीं रचिला. तिचें नांव पलक शहा. ऑक्टोबर २०२१ मध्यें तो सर्वांस खुला झाला. १ नोव्हेंबर रोजीं खेळणारे अवघे ९० होते, दोन महिन्यांत ते तीन लाखांवर गेले, आणि जानेवारी २०२२ अखेर न्यूयॉर्क टाइम्स पत्रानें तो विकत घेतला. यांतली एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. इंग्रजींत पांच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरांत निघाले; त्यांतले बहुतेक कोणाच्या कधीं कानावरून न गेलेले. तेव्हां त्या पलकबाईंनीं एकेक शब्द पाहून, आपणांस ओळखीचे तेवढे राखून, ती यादी सुमारें अडीच हजारांवर आणिली. घरांतल्या एका बाईला जे शब्द ठाऊक, त्यांच्यावर सारें जग खेळूं लागलें.

नातीचा पहिला शब्द रोज ठरलेला असे. ए-डी-आय-ई-यू. पांचांपैकीं चार स्वर त्यांत एकदम तपासले जातात, म्हणून पुष्कळ लोक त्यानेंच आरंभ करितात, असें तिनें सांगितलें. स्वरांची ही ओढ साहजिक आहे. इंग्रजींत ई हें अक्षर सर्वांत अधिक वेळां येतें. छापखान्यांतील खिळ्यांची संख्या पाहून तारेची लिपी बसविली गेली, तेव्हां या ई ला सर्वांत आंखूड खूण मिळाली, नुसता एक टिंब. आमच्या लहानपणीं धामणगांवच्या स्टेशनांत तारेचें यंत्र कट्ट-कडकट्ट करी, त्यांतल्या किती टिचक्या एकट्या ई च्या असतील कोण जाणे! आतां ती तारही नाहीं. जुलै २०१३ मध्यें सरकारनें तारखातें बंद केलें. असो. आम्हीं कोश काढून तो शब्द पाहिला. तो मूळचा फ्रेंच, अर्थ 'निरोप'. अक्षरशः म्हटलें तर 'देवाच्या स्वाधीन'. म्हणजे आमची मुलगी रोज सकाळीं खेळाच्या दारांत पाऊल टाकतांना 'जातें' म्हणत होती! आमच्याकडे तर जाणाराही 'येतों' म्हणतो. हें तिला सांगितलें तेव्हां ती मोठ्यानें हंसली, आणि दुसऱ्या दिवशींही तिनें तोच शब्द घातला. पण घालतांना आमच्याकडे पाहिलें.

हा खेळ पडवींत चालला असतां आमच्या काकू एकदां आंतून बाहेर आल्या. त्यांनीं नव्वदी ओलांडली आहे. कान तिखट आहेत. 'पांच अक्षरांचा शब्द' हे बोल कानीं पडतांच त्या थांबल्या आणि आम्हांस म्हणाल्या, "कितीचें आहे रे हें कोडें?" पैसे पडत नाहींत असें सांगितलें, तरी त्यांची खात्री पटली नाहीं. "आधीं असेंच म्हणतात," एवढें बोलून त्या आंत गेल्या.

त्यांच्या या प्रश्नास कारण आहे. १९५४-५५ चा सुमार. वऱ्हाड तेव्हां मध्यप्रदेशांत होतें. आमचे चुलते येथल्या एका जिनिंग कारखान्यांत कारकून होते. माणूस व्यवहारचतुर, इंग्रजी हस्ताक्षर मोत्यासारखें. त्या काळांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांचें वेड देशभर पसरलें होतें. इंग्रजी कोडीं, मराठी कोडीं. हजारों रुपयांचीं बक्षिसें. प्रत्येक उत्तरपत्रामागें कांहीं आणे फी. कोड्याची करामत अशी असे कीं शब्दांतलें एकच घर रिकामें ठेवावयाचें, आणि तेथें दोन-तीन अक्षरें सारखींच शोभावींत. वाचकांनीं स्वतःच करून पाहावें: 'ज्या घरीं मा- नाहीं, तें घर उदास.' मान घाला, माय घाला, माल घाला. तिन्ही वाक्यें खरीं आहेत. इंग्रजींत एका अक्षराच्या फरकानें वाइफ आणि लाइफ एकाच घरांत राहतात, त्यांचीही अशीच ओढाताण करीत. बरोबर उत्तर कोणतें, तें आधींच लखोट्यांत बंद. मग विद्वान् मनुष्य काय करी? तिन्ही अक्षरांचीं उत्तरें निरनिराळ्या पत्रांवर लिही. अशीं दहा रिकामीं घरें असलीं म्हणजे पत्रांची संख्या कोठें जाते, हें गणित आमच्या काकांस उत्तम येत होतें. त्यांस न आलेलें गणित फीचें. एकदां त्यांस सतरा रुपये मिळाले. तेच सतरा रुपये घराला महाग पडले. पुढील दीड वर्षांत पगार गेला, सायकल गेली, आणि शेवटीं काकूंच्या माहेरच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या, त्या परत आल्या नाहींत. ज्या कंपनीचीं तीं कोडीं, तिचें नांव येथें नको. घरांत मोठा आवाज कोणी केला नाहीं. आमच्या आजोबांनीं फक्त काकांच्या टेबलावरचा इंग्रजी कोश उचलून देवघराच्या फडताळांत ठेवून दिला, आणि पुष्कळ वर्षें तो तेथेंच होता. आम्हांस तो फडताळांत सांपडला तेव्हां समासांत काकांच्या हातचे आंकडे दिसले. प्रत्येक शब्दापुढें त्याच्या अक्षरांची संख्या. अर्थांवर कोठेंच खूण नव्हती.

एवढ्यावरून वाचकांस वाटेल कीं ही एकट्या घराची गोष्ट. तसें असतें तर संसदेला कायदा करावा लागला नसता. मुंबई प्रांतांत १९४८ सालींच असा एक कायदा झाला होता; १९५५ सालीं संसदेंत बक्षीस स्पर्धांचा कायदा झाला व १ एप्रिल १९५६ पासून अमलांत आला. महिन्याचें एकूण बक्षीस एक हजार रुपयांहून अधिक नको, उत्तरपत्रें दोन हजारांहून अधिक नकोत, आणि तेवढ्यासाठींही परवाना हवा. कायद्याची व्याख्या आम्हीं मुद्दाम वाचून पाहिली. अक्षरें, शब्द अथवा आंकडे यांच्या जुळणीवर आणि अदलाबदलीवर रचलेलें कोणतेंही कोडें, असा तिचा आशय आहे. सरकारी भाषेंत शब्दखेळाचें इतकें नेमकें वर्णन दुसरें आमच्या पाहण्यांत नाहीं. पुढें १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, जेथें जिंकणें नशिबावर अवलंबून आहे तो जुगार. त्याला व्यापारधंद्याचें घटनादत्त संरक्षण नाहीं. लखोट्यांतील उत्तराशीं आपलें उत्तर जुळणें याला विद्वत्ता म्हणतां येत नाहीं, हें न्यायमूर्तींस पटलें. काकूंस तें दोन वर्षें आधींच पटलें होतें.

तेव्हां नातीचा खेळ घरांत चालूं द्यावा कीं नाहीं, हा आमच्यापुढें खरोखरीचा प्रश्न होता. खेळांत पैसा नाहीं, हें खरें. दिवसाला एकच शब्द, ही मर्यादाही चांगली. परंतु अर्थावांचून अक्षरें चाळीत बसण्याची जी संवय काकांच्या कोशाच्या समासांत आम्हीं पाहिली, ती आम्हांस येथेंही दिसत होती. अमुक अक्षरें असलेल्या पांच अक्षरी शब्दांच्या लांबच लांब याद्या ती मुलगी पाठ करूं लागली होती, आणि शब्दस्पर्धेच्या निमित्तानें शाळाही त्यास उत्तेजन देत होती. शेवटीं आम्हीं एक अट घातली: जो शब्द खेळांत घालशील त्याचा अर्थ त्याच दिवशीं वहींत लिहावयाचा, आणि तो अर्थ आम्हांसही सांगावयाचा, कारण पुष्कळदां तो आम्हांसही ठाऊक नसे. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, अर्थ लिहीत बसली तर खेळ संपणार केव्हां?" त्यांचें म्हणणें वेगाच्या दृष्टीनें बरोबर आहे. वेग ही एकच दृष्टि असती तर आम्हींही तें मानिलें असतें.

त्या वहीनें आम्हांस पुष्कळ आनंद दिला. एके दिवशीं यादींतून तिनें शब्द आणिला: जी-यू-एन-एन-वाय, गनी. कोशांत पाहिलें तों अर्थ 'गोणपाट', आणि व्युत्पत्ति आमच्याच दारची! मराठी 'गोणी', संस्कृत 'गोणी', म्हणजे बैलाच्या पाठीवर टाकावयाची धान्याची थैली. तीच इंग्रजांच्या बोटींत बसून विलायतेस गेली. आमच्या गांवीं कापसाचा व धान्याचा बाजार मोठा; बाजारसमितींत तुरीचीं पोतीं लागलेलीं ती मुलगी रोज पाहते, 'बारदाना' हा शब्दही तिच्या कानावर आहे. परंतु 'गोणी' तिला ठाऊक नव्हती; ती तिला इंग्रजी यादींतून भेटली. तिला घेऊन आम्ही बाजारांत गेलों आणि एका अडत्याच्या ओट्यावर तिला बारदान्यावर बसविली. गोणपाटाचा वास अर्थांत धरावा कीं नाहीं हें कोशकारांनीं ठरवावें. आमच्या वहींत तो आहे.

मग तिला असे शब्द हुडकण्याचा नादच लागला. 'शुगर' हे पांच अक्षरें: संस्कृत शर्करा, ती फारशी व अरबी मुखांतून फिरत फिरत युरोपांत उतरली. 'कँडी' पांच: आपला खंड, खडीसाखरेंतला. 'लायलॅक' हें एका जांभळ्या फुलाचें नांव, पांच. त्याच्या पोटांत आपला 'नील' आहे. आणि 'मंगूस' तर सरळ मराठींतून उचललेला. यूल आणि बर्नेल या दोघा साहेबांनीं १८८६ सालीं अशा शब्दांचा जो मोठा कोश छापिला, त्यांत गोणी आणि मुंगूस दोन्ही आहेत. मात्र मंगूस पडला आठ अक्षरांचा, म्हणून खेळांत त्याचा उपयोग नाहीं, याचें तिला फार वाईट वाटलें. आपल्याकडे मुंगूस तीन अक्षरांचें.

येथें एक नवाच वाद निघाला. ती म्हणाली, "आजोबा, मराठींत हा खेळ कां नको?" आम्हीं मोठ्या उत्साहानें होकार दिला, आणि पहिल्याच दिवशीं अडलों. इंग्रजी अक्षर म्हणजे सुटा खिळा. मोजावा आणि पुढें जावें. आपलें अक्षर स्वर घेऊन चालतें. 'स्वातंत्र्य' हा शब्द घ्या. अक्षरें मोजलीं तर तीन: स्वा, तं, त्र्य. वर्ण सुटे केले तर अनुस्वार धरून दहा. आणि संगणकाच्या युनिकोड संकेतांत तेंच लिहिलें तर अकरा खुणा होतात, कारण तेथें काना, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूणही स्वतंत्र मोजली जाते. एकाच स्वातंत्र्याच्या तीन मोजण्या! शिवाय लिहिणें एक, बोलणें दुसरें. आमच्या गांवाचें नांव लिहितांना धा-म-ण-गां-व अशीं पांच अक्षरें. बोलतांना धा-मण-गांव असे तीनच ठोके. इंग्रजी पाटीवर तेंच दहा अक्षरांचें होतें, आणि रेल्वेच्या संक्षिप्त संकेतांत डी-एम-एन असें तिघांत आटोपतें. शेपटीला 'रेल्वे' हा इंग्रजी शब्द आहे तो निराळाच; बुलढाण्याकडे धामणगांव बढे आहे, त्यापासून वेगळें ओळखावें म्हणून आमच्या गांवानें आगगाडीला आडनांव करून घेतलें. चांदुरानेंही तेंच केलें. नाहीं तर चांदूर बाजारचीं पत्रें तेथें आलीं असतीं.

पुष्कळ खल करून आम्हीं पिंगलाचा पक्ष धरला. जेथें स्वर तेथें अक्षर. जोडाक्षर कितीही दाट असो, तें एकच. आणि लिहिल्याप्रमाणें मोजावयाचें, बोलल्याप्रमाणें नाहीं. या नियमानें खेळूं लागल्यावर मुलीची खरी अडचण दिसून आली. इंग्रजी शब्द ती डोळे मिटून फोडी. मराठी जोडाक्षर आलें कीं अडखळे, 'त्र्य' कोठें संपतें हें तिला बोटानें दाखवावें लागे. सातवींतली मुलगी, मातृभाषा मराठी! याचा दोष कोणाकडे, हा विषय मोठा आहे. आम्हीं फक्त पाटी आणिली आणि रोज संध्याकाळीं दिवे लागल्यावर पांच चौकोन आंखूं लागलों. हिरव्याच्या जागीं आम्ही अक्षराखालीं रेघ ओढतों, पिवळ्याच्या जागीं टिंब देतों. सूनबाई स्वयंपाकघरांतून उत्तरें सांगते. 'हळदकुंकू' तिचें, 'आंबेमोहर' चिरंजीवांचें. ते वेगाचे कैवारी, पण पाटीजवळ बसले म्हणजे लवकर उठत नाहींत.

काकू पहिले आठ-दहा दिवस लांबच बसल्या होत्या. एके संध्याकाळीं नातीनें कोडें घातलें: पांच अक्षरें, पहिलें व शेवटचें सारखेंच व्यंजन, मधलें र. चिरंजीव अडले, आम्हीही अडलों. काकू जपमाळ न थांबवितां म्हणाल्या, "सासुरवास."

नातीनें पाटीवर लिहून पाहिलें. सा, सु, र, वा, स. पांचही घरें भरलीं. घरांत हंशा पिकला. मग नियमाप्रमाणें तिनें वही उघडली आणि विचारिलें, "काकूआजी, याचा अर्थ?"

काकूंनीं माळ डबींत ठेविली. "तुझ्या आईला हा शब्द ठाऊक आहे, अर्थ ठाऊक नाहीं; तें बरेंच आहे," त्या म्हणाल्या. "ये, इकडे बस." मग त्या सांगूं लागल्या: धामणगांवच्या स्टेशनावर त्या प्रथम उतरल्या तो दिवस, रहाटाचें पाणी, सोंवळ्याची काठी, आमच्या आजीचा करडा स्वभाव आणि तिनें एकदां कोणाला न कळत हातावर ठेविलेला गूळ, आणि पाटल्या. पाटल्यांची गोष्ट त्यांच्या तोंडून आम्हींही त्या दिवशीं प्रथमच ऐकली. मुलगी लिहीत होती. आंतून पानें मांडल्याची हांक आली, दोनदां आली, तरी अर्थ संपला नव्हता.